जुन्या पीसीत रॅम वाढवू, एसएसडी टाकू की सरळ बोर्डच बदलू?

आखाजी (अक्षय तृतीया) जवळ आली की फोटो अल्बम करणाऱ्या पोरांचे फोन सुरू होतात, भाऊ पीसी लय हँग मारतोय, रॅम टाकू का? जळगाव, चोपडा, अमळनेर कुठंही जा, छोट्या स्टुडिओत अजून तेच मशीन दिसतं, तिसऱ्या जनरेशनचा इंटेल आय५ प्रोसेसर, एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी डीडीआर३ रॅम (चालू काम तात्पुरतं धरणारी मेमरी, जुन्या प्रकारची) आणि जुनी हार्डडिस्क. माझंही तेच होतं.

खर्च करायच्या आधी तुमचं सगळ्यात जड काम चालू ठेवून टास्क मॅनेजर उघडा, विंडोजमधलाच तो, कशावर किती भार आहे ते दाखवतो. मेमरी ९० टक्क्यांच्या वर चिकटलीय आणि डिस्क पण १०० वर, तर रॅम कमी पडतेय. मेमरी अर्धी रिकामी आणि डिस्क तेवढी १०० वर, तर दोष हार्डडिस्कचा. आणि नुसता सीपीयूच (प्रोसेसर) १०० वर असेल तर रॅम टाकून काही फरक पडायचा नाही.

आता अल्बमचं बघा. १२ बाय ३६ ची शीट ३०० डीपीआयला घेतली की ३६०० गुणिले १०८०० पिक्सेल होतात, म्हणजे एक भरलेला लेयर साधारण ११७ एमबी, असे पंधरा-वीस लेयर झाले की दोन जीबी एका शीटलाच गेले, वर हिस्टरी (अनडूसाठी साठवलेलं) वेगळी, विंडोज वेगळं, ब्राउझर वेगळा. ४ जीबीत हे बसत नाही, मग फोटोशॉप उरलेलं स्क्रॅच डिस्कवर, म्हणजे हार्डडिस्कवरच्या तात्पुरत्या जागेत, लिहायला लागतं आणि हार्डडिस्कची ती खर्रखर्र सुरू होते. अशा कामाला १६ जीबी रॅम हाच पहिला इलाज, माझं मत पक्कं आहे. फक्त विंडोज ६४ बिट पाहिजे, आणि जे अजून फोटोशॉप ७.० वर काम करतात त्यांनी थांबा, ते ३२ बिट आहे, २ जीबीच्या वर त्याला वापरताच येत नाही.

जुनी ४ ठेवून शेजारी ८ लावू का असं बरेच जण विचारतात. चालतं. ४ अधिक ४ एवढा भाग ड्युअल चॅनलमध्ये (दोन्ही स्टिक एकदम, जास्त वेगात) चालतो, उरलेला सिंगलमध्ये. पैसे कमी असतील तर हेच करा. पण एच६१ ला बहुतेक दोनच स्लॉट, जास्तीत जास्त १६, त्यामुळे जमत असेल तर ८-८ ची जोडी एकदाच घ्या. मी ऑनलाइन स्वस्तात ८ ची स्टिक मागवली होती, ती फक्त एएमडीच्या बोर्डावर चालणारी निघाली, माझ्या बोर्डावर डिस्प्लेच येईना. सर्व्हरची रजिस्टर्ड ईसीसी रॅमही डेस्कटॉपला चालत नाही. म्हणून दुकानात कॅबिनेट घेऊन जा, तिथंच लावून बघा आणि मगच पैसे द्या.

एसएसडी म्हणजे हार्डडिस्कच्या जागी बसणारी, फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क. तिनं विंडोज, सॉफ्टवेअर, फायली पटापट उघडतात, पण रॅमची जागा ती घेत नाही. एच६१ वर साटा (डिस्क जोडायचा पोर्ट) ३ गिगाबिटचाच असल्यानं एसएसडी पूर्ण वेगात पळत नाही, तरी हार्डडिस्कपुढं जमीन-अस्मानाचा फरक. रॅमनंतर लगेच हीच घ्या, २५६ जीबीची पुरते.

व्हिडिओवाल्यांना मात्र मी रॅम घ्या म्हणणार नाही. बरेच नवे कॅमेरे ४के एच.२६५ (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत) मध्ये शूट करतात आणि तिसऱ्या जनरेशनच्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्समध्ये ते डिकोड करायची, म्हणजे उलगडायची, सोयच नाही, सगळा भार सीपीयूवर येतो, १६ जीबी टाका नाहीतर ३२ जीबी घेणारा बोर्ड शोधा, टाइमलाइन अडकणारच. तिथं बोर्ड-प्रोसेसरच बदलावा लागतो, आणि तुमची डीडीआर३ नव्या बोर्डात जात नाही, डीडीआर३ ला २४० पिना, डीडीआर४ ला २८८, खाचही वेगळ्या जागी. २०२५ च्या शेवटापासून नव्या रॅमचे भाव खूप चढलेत, तेव्हा कोटेशनमध्ये रॅमची ओळ आधी बघा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे, मोजके अपवाद सोडले तर, आठव्या जनरेशनच्या खालच्या इंटेलला घेत नाही, हाही हिशोब धरा.

रॅम घरी लावणार असाल तर वायर काढून पॉवरचं बटण एकदा दाबा, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा, मग स्टिक धरा. आपल्याकडं काळ्या मातीची धूळ बारीक असते, स्लॉट ब्रशनं झाडा, जुन्या स्टिकच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरनं हलक्या हातानं पुसा. दोन्ही बाजूंचा टक आवाज आला की बसली. नंतर रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) लावून ठेवा, एक जरी एरर आली तर सकाळीच बदलून आणा.