एसक्यूलाइट: रोलबॅक जर्नल ठेवायचं की वॉलवर जायचं?

एसक्यूलाइट हा एका फाइलीत राहणारा डेटाबेस. त्यात लिहिता लिहिता वीज गेली तर सावरायला काय हाताशी असतं? दोन पद्धती आहेत: रोलबॅक जर्नलमध्ये जुनी पानं (फाइलीचे ठरावीक आकाराचे तुकडे) राहतात, वॉलमध्ये (राइट-अहेड लॉग) नवी. बाकीचे फरक यातूनच निघतात.

जर्नल पद्धतीत पान बदलण्याआधी त्याची मूळ प्रत ‘-जर्नल’ फाइलीत जाते आणि एफसिंकने (डेटा खरोखर डिस्कवर उतरवायची सूचना) पक्की होते. मग मुख्य फाइल बदलते, तिचाही एफसिंक होतो. जर्नल पुसलं की कमिट झालं, म्हणजे बदल कायम झाले. मध्येच मशीन बंद पडलं तर पुढच्या वेळी उरलेल्या जर्नलमधून जुनी पानं जागेवर येतात. ही फाइल कचरा समजून कधीही उडवू नका; नाहीतर अर्धवट बदललेला डेटाबेस तसाच राहतो.

२०१० मध्ये आलेल्या वॉलमध्ये नवी पानं ‘-वॉल’च्या शेवटी चेकसमसह (डेटा शाबूत आहे का ते तपासायचा आकडा) जोडली जातात. क्रॅशनंतर चेकसम जुळणाऱ्या शेवटच्या कमिटपर्यंतचं धरलं जातं, पुढचं सोडलं जातं. लिहिणं चालू असतानाही वाचणारे अडत नाहीत, आणि आमच्या मते वॉल घ्यायचं मुख्य कारण हेच. लिहिणारा मात्र एका वेळी एकच, म्हणून बिझी टाइमआउट (दुसऱ्याचं लिहिणं संपेपर्यंत थांबायची मुदत) लावाच.

वॉल घेतलं की सिंक्रोनसचाही, म्हणजे एफसिंक कधी करायचा ते ठरवणाऱ्या सेटिंगचाही, निर्णय करा. ‘फुल’मध्ये प्रत्येक कमिटला एफसिंक होतो. ‘नॉर्मल’मध्ये तो चेकपॉइंटच्या वेळी, म्हणजे वॉलमधली पानं मुख्य फाइलीत उतरवताना, होतो: वेग वाढतो, फाइल बिघडत नाही, पण वीज गेली तर शेवटचे काही कमिट जाऊ शकतात. नुसता प्रोग्राम कोसळला तर जात नाहीत. पैशांच्या नोंदींना फुल, तापमानाच्या नोंदींना नॉर्मल पुरे.

चेकपॉइंट आपोआप १००० पानांना होतो. ४०९६ बाइटचं पान धरलं तर साधारण ४ एमबी. एखादं वाचन तासभर उघडं राहिलं तर चेकपॉइंट पूर्ण होत नाही आणि वॉल फुगत जातं. वाचनाचे ट्रान्झॅक्शन वेळेवर बंद करा.

सर्वात जास्त घात बॅकअपमध्ये होतो. चालू डेटाबेसची फक्त मुख्य फाइल कॉपी केली तर वॉलमधले कमिट मागेच राहतात. ‘व्हॅक्यूम इंटू’ ही आज्ञा किंवा एसक्यूलाइटचा बॅकअप एपीआय वापरा.

नेटवर्क ड्राइव्हवर वॉल चालत नाही, कारण त्याला एकाच मशीनची सामायिक मेमरी लागते. एकाच कनेक्शनला अटॅच केलेल्या (जोडलेल्या) अनेक डेटाबेस फाइलींत एकच ट्रान्झॅक्शन ‘सगळं किंवा काहीच नाही’ असं हवं असेल तरीही जर्नलच ठेवा.

वॉल मोड एकदा लावला की फाइलीतच नोंदला जातो. सिंक्रोनस मात्र प्रत्येक नव्या कनेक्शनवर पुन्हा सांगावं लागतं.