बदलापूर स्टेशनबाहेरची रानभाजीवाली: तीन पावसाळ्यांचा अनुभव

गिरगावातली खोली सोडून बदलापूरला आलो तेव्हा जो तो विचारायचा, "एवढ्या लांब?" सीएसएमटीपासून ६८ किलोमीटर. लोकलने दीड तास कुठेच गेला नाही. गाडी इथूनच सुटते म्हणजे खिडकी मिळणार, हा माझा गैरसमज पहिल्याच आठवड्यात फिटला. अलीकडच्या अंबरनाथच्या बायका बदलापूरला येणाऱ्या गाडीतच उलट दिशेने बसून येतात आणि आपण चढेपर्यंत त्यांच्या पर्सा रॅकवर लागलेल्या असतात.

या लांबीचा मोबदला मला मिळाला तो स्टेशनच्या पश्चिमेला, एका गोणपाटावर. दुकान म्हणावं असं काही नाही. खाली गोणपाट, त्यावर निळा ताडपत्रीचा तुकडा, वर एक काडी मोडलेली छत्री. रानभाज्या विकणाऱ्या मावशी वांगणीच्या पलीकडच्या वाडीवरून पहाटेच्या कर्जत लोकलने येतात, लगेजच्या डब्यातून. त्यांच्याबरोबरच्या काही जणी इथे न उतरता कल्याण, ठाणे, दादरपर्यंत जातात. मध्ये एकदा दादरला उतरले तेव्हा तीच जुडी दुपटीच्या भावाने दिसली. देणाऱ्याने द्यावेत, जास्तीचा सव्वा तास ओझं घेऊन त्या येतात. पण मला उगाचच श्रीमंत झाल्यासारखं वाटलं.

तराजू नाही. पालेभाजीची जुडी, बाकी सगळ्याचा वाटा. गेल्या पावसाळ्यात फोडशीची आणि टाकळ्याची जुडी वीस रुपये, करटोलीचा, म्हणजे रानकारल्यांचा, वाटा साठ. घासाघीस करायला गेलात तर मावशी चिडत नाहीत, फक्त तुमच्याकडे बघायचं बंद करून पुढच्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागतात. स्कॅनर नाही. सुट्टे नसतील तर शेजारच्या वडापाववाल्याला जीपे करायचं, तो मावशींना रोख देतो. ही व्यवस्था आजवर एकदाही फसलेली नाही.

माल कसा? हंगामाप्रमाणे बघावं लागतं. पहिला पाऊस पडला की शेवळं येतात आणि दोन-तीन आठवड्यांत संपतातही. तपकिरी-जांभळ्या कोंबांची जुडी, वरून बघितलं तर ही खायची वस्तू आहे यावर विश्वास बसत नाही. पहिल्या वर्षी मी मोठ्या हौसेने दोन जुड्या घेतल्या. मावशींनी पिशवीत चार-पाच हिरवी, आवळ्याएवढी फळं टाकली, पैसे न घेता. मला वाटलं झाडपाल्याबरोबर काहीतरी आलंय. घरी आल्यावर ती सरळ कचऱ्यात गेली. सासूबाई नेमक्या नणंदेकडे होत्या, नाहीतर त्यांनी हात धरला असता. शेवळांचं बाहेरचं आवरण सोललं, आतला पिवळा दाणेदार भाग काढून टाकला, बारीक चिरून सोड्यांबरोबर, म्हणजे सुक्या कोळंबीबरोबर, शिजवलं. इथवर सगळं इंटरनेटवर बघून बरोबर. पहिल्या घासाला चव इतकी सुरेख, अगदी खिम्यासारखी, की नवऱ्याने दुसऱ्यांदा वाढून घेतलं. पाच मिनिटांनी दोघांचे घसे असे खवखवायला लागले की विचारू नका. रात्री अकरा वाजता आम्ही समोरासमोर बसून आमसुलं चोखत होतो.

ती फळं काकडं होती. शेवळं सुरणाच्या गोतातली. अळू खाजतं तशीच तीही खाजतात, कारण त्यांच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुयांसारखे कण असतात. म्हणून काकडं ठेचून त्यांचा आंबट रस भाजीत घालायचा. दुसऱ्या दिवशी मावशींना सांगितलं तर त्या एवढ्या हसल्या की बाजूची बाईही हसायला लागली. "काकडं टाकलीस? मग शेवळं तरी कशाला ठेवलीस?"

तेव्हापासून मी भाजी घेते आणि रेसिपी मावशींकडूनच घेते. मला विचाराल तर इथली खरी सेवा हीच. फोडशी, म्हणजे कुलू, दिसते निव्वळ गवतासारखी. तिच्या पातीच्या बुडातला पांढरा कडक दांडा काढायचा, नाहीतर भाजीत दोरा चावल्यासारखा लागतो. टाकळा पार कोवळा असेल तरच घ्यायचा. वास्ते, म्हणजे बांबूचे कोंब, चिरून रात्रभर पाण्यात ठेवायचे आणि ते पाणी फेकून द्यायचं. भारंगीची पानं उकडून पिळायची. मावशी हे सगळं जुडी बांधता बांधता सांगतात, माणूस बघून. नव्या बाईला त्या भारंगी देतच नाहीत. "कडू लागली की मला बोलशील," म्हणतात.

आता तक्रारी. निवडायला वेळ फार जातो. फोडशीच्या दोन जुड्यांना पाऊण तास, आणि चिखल तीन पाण्यांतही निघत नाही. नोकरी करणाऱ्या बाईने ती शनिवारीच घ्यावी. मी सकाळी घेते आणि स्कूटरवरून सोडायला आलेल्या नवऱ्याच्या हातात पिशवी देते. तो घरी गेल्यावर ती उघडतो की तशीच ओट्यावर ठेवतो, हा आमच्या घरातला वेगळा विषय. दुसरं, मावशी येतीलच याची खात्री नाही. उल्हास नदी फुगली की त्या दिवशी जागा रिकामी. २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्येच पाण्यात अडकली होती, त्यामुळे मुसळधार पावसाच्या दिवशी मी वाटही बघत नाही, फ्रीजमधला दुधी काढते.

तिसरी तक्रार मावशींबद्दल नाही, पण सांगायलाच हवी. संध्याकाळी त्याच जागेवर दुसरेच विक्रेते बसतात. मोठी, एकसारखी, फिकट हिरवी करटोली "गावठी आहेत ताई, आपल्या इथली" म्हणून खपवतात. एकदा फसले. रानातली करटोली लहान असतात, वेडीवाकडी, एका वाट्यात चार आकारांची. इतकी एकसारखी करटोली रानात उगवत नाहीत. रानभाजी घ्यायची तर सकाळी सातच्या आत जा. आठनंतर उरतो तो फक्त अळू.

कोणाला जमेल? ज्यांच्या घरी चिरायला दुसरा हात आहे आणि कडवट चव चालते त्यांना. आमच्याकडे मुलगा टाकळ्याला "मेथीचा गरीब भाऊ" म्हणतो आणि ताट सरकवतो. करटोलीच्या काचऱ्या मात्र कुरकुरीत तळल्या तर डब्यात पुरत नाहीत, ऑफिसात माझ्याआधी डबा दुसऱ्याच कोणीतरी उघडलेला असतो.

एक गोष्ट अजून मिळालेली नाही. पावसाळा उतरणीला लागला की भारंगीला निळसर-जांभळी फुलं येतात, त्यांची भाजी पानांपेक्षा चांगली होते असं सासूबाई सांगतात. गेल्या वर्षी मी मावशींना दोनदा आठवण केली. तिसऱ्या वेळी विचारलं, "मावशी, फुलं आली नाहीत का यंदा?"

"आली की," त्या जुडी बांधत म्हणाल्या. "घरी खाल्ली."