अमेरिकेतल्या शाळांची वंशवार आकडेवारी: सीआरडीसी कसं वापरायचं आणि ते कुठं फसवतं

एखाद्या शाळेत कृष्णवर्णीय मुलांचं निलंबन गोऱ्या मुलांच्या किती पट होतं, हे अमेरिकेत कुणालाही फुकटात तपासता येतं. ते केंद्रीय शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाच्या ‘सिव्हिल राइट्स डेटा कलेक्शन’वर, म्हणजे सीआरडीसीवर मिळतं. ही मोजणी १९६८ पासून चालू आहे. २०११-१२ पासून नमुना न घेता देशातल्या सगळ्या सरकारी शाळा तिच्यात धरल्या जातात. निलंबन, पोलिसांकडे पाठवलेली मुलं, कॅल्क्युलसचे वर्ग, समुपदेशक, नवखे शिक्षक हे सगळं शाळागणिक एका ठिकाणी देणारी दुसरी जागा नाही. २०१३-१४ मध्ये कृष्णवर्णीय मुलं शाळेबाहेर निलंबित होण्याचं (म्हणजे काही काळ शाळेत यायला बंदी होण्याचं) प्रमाण गोऱ्या मुलांच्या ३.८ पट निघालं, ते इथूनच. कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलं ७५ टक्क्यांहून जास्त असलेल्या हायस्कुलांपैकी ३३ टक्क्यांतच कॅल्क्युलस होतं. जिथं ती २५ टक्क्यांहून कमी, तिथं ५६ टक्क्यांत. हेही त्याच वर्षीचं.

सीआरडीसीच्या संकेतस्थळावर शाळेच्या पानावरचे तयार आलेख नजर टाकण्यापुरते ठीक. खरं काम करायचं तर हव्या त्या वर्षाच्या सीएसव्ही (तक्त्याच्या साध्या मजकुराच्या) फाइली उतरवून घ्या. आणि पहिली ठेच तिथंच लागते. प्रत्येक शाळेला १२ अंकी क्रमांक असतो: ७ शालेय जिल्ह्याचे (म्हणजे तिथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेचे), ५ शाळेचे. कॅलिफोर्नियाचे क्रमांक ०६ ने सुरू होतात. फाइल एक्सेलमध्ये थेट उघडली की पुढचं शून्य उडतं, १२ चे ११ अंक होतात आणि दुसऱ्या फाइलशी जुळणी होत नाही. तो रकाना आयात करतानाच ‘टेक्स्ट’ करून घ्यायचा.

दुसरी ठेच बेरजेत. शाळेबाहेरचं निलंबन एका रकान्यात मिळत नाही. एकदा निलंबित आणि एकापेक्षा जास्त वेळा निलंबित हे वेगळे. दिव्यांग मुलं आणि इतर मुलं वेगळी. मुलगे आणि मुली वेगळे. म्हणजे एका वंशासाठी ८ रकाने मिळवायचे. दिव्यांगांचे विसरले की आकडा गुपचूप घटतो. बेरजेआधी उणे आकडेही काढून टाका: ‘उणे ९’ म्हणजे लागू नाही किंवा प्रश्न गाळला. ते ठेवले तर शेवटी एखाद्या शाळेत उणे १८ मुलं निलंबित झालेली दिसतात!

मग भागाकार. समजा शाळेत १५० कृष्णवर्णीय मुलं आहेत आणि ३० निलंबित, म्हणजे २० टक्के. गोरी ६००, निलंबित तेवढीच ३०, म्हणजे ५ टक्के. नुसते ३० आणि ३० पाहिले तर सगळं समान वाटतं. प्रत्यक्षात फरक चौपट आहे. पण गटात ४ च मुलं असतील तर एका निलंबनाने २५ टक्के होतात, तेव्हा अशा शाळा निष्कर्षातून वगळाव्यात.

सर्वांत जपून वाचायचा आकडा म्हणजे शून्य. माहिती शालेय जिल्हा स्वतः भरतो आणि नोंदच ठेवली नसेल तिथंही शून्य पडतं. २०१५-१६ मध्ये मुलांना आवळून धरण्याच्या किंवा खोलीत एकटं कोंडण्याच्या घटना ७० टक्के जिल्ह्यांनी शून्य दाखवल्या. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षकांनी २०२० मध्ये त्यावर बोट ठेवलं. उलटी चूकही होते. २०१५-१६ मध्येच सुमारे २४० शाळांनी गोळीबार झाल्याचं कळवलं. एनपीआर या रेडिओने चौकशी केली तेव्हा खात्री पटली फक्त ११ घटनांची. ओहायोतल्या क्लीव्हलँडच्या शालेय जिल्ह्याचा ३७ हा आकडा तर चाकू-बंदूक सापडल्याच्या प्रश्नाचा, चुकून खालच्या ओळीत भरलेला. त्यामुळे एखाद्या वर्षी आकडा एकदम उडी मारतो किंवा शून्यावर येतो, तेव्हा आधीची दोन वर्षं काढून शेजारी ठेवा. २०२०-२१ मात्र तुलनेला घेऊच नका. शाळा बऱ्याच ठिकाणी घरून चालू होत्या, निलंबनं आपोआप कमी झाली.

न्यू जर्सीतल्या एडिसन किंवा कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या मराठी पालकांसाठी एक गोष्ट. आपली मुलं ‘एशियन’ या रकान्यात जातात. त्यात भारतीय, चिनी, फिलिपिनो, ह्मोंग (आग्नेय आशियातला एक समाज) सगळे एकत्र असतात. त्या एका टक्केवारीवरून ना आपल्या मुलांचं कळतं, ना निर्वासित म्हणून आलेल्या ह्मोंग घरांतल्या मुलांचं. हा माझ्या मते या संचातला सर्वांत मोठा दोष. चुकीचा आकडा निदान पुढे दुरुस्त करता येतो.

आणि आकडेवारी शिळी असते. २०२१-२२ ची जानेवारी २०२५ मध्ये आली. वंशावरून भेदभाव झाल्याची तक्रार याच नागरी हक्क कार्यालयाकडे करायची तर साधारणपणे १८० दिवसांची मुदत असते. म्हणून सीआरडीसीवरून जुना कल दाखवा आणि चालू वर्षाची निलंबनं जिल्ह्याकडे लेखी मागा, वंशवार आणि दिव्यांग मुलांसह.