कोबो टूलबॉक्सवर सिंधुदुर्गातल्या भुलीच्या डॉक्टरांची मोजणी केली, त्याचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, मी कॉम्प्युटरवाला नाही, मी भूल देतो. सकाळी कणकवलीत दोन हर्निया, दुपारी कुडाळला सीझर, रात्री फोन वाजला तर अजून कुठेतरी, असं आमचं फिरतं दुकान. तर आम्ही चार-पाच भूलवाल्यांनी ठरवलं की जिल्ह्यात नक्की कोण, कुठे, किती केसेस करतो हे एकदा लिहून काढू, कारण प्रत्येक मीटिंगला "भूलतज्ज्ञ कमी आहेत हो" असं कोणीतरी म्हणतं आणि मग चहा पिऊन सगळे घरी. पहिल्यांदा एक साधा ऑनलाइन फॉर्म ग्रुपवर टाकला, तिघांनी भरला, त्यातला एक मी.

मग एकाने कोबो सुचवलं. हार्वर्डच्या एका गटाने आपत्तीच्या जागी माहिती गोळा करायला बनवलेलं, ओपन सोर्स आहे, आमच्या एवढ्याशा कामाला फुकटचा प्लॅन पुरला. मी पाचपैकी चार देईन. पाचवा का नाही ते पुढे येईल.

सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे नेटशिवाय चालतं. आपल्याकडे वैभववाडी, दोडामार्ग साइडला रेंज कधी जाईल सांगता येत नाही आणि ऑपरेशन थिएटरच्या म्हणजे ओटीच्या आत तर तशीही नसते. अँड्रॉइडवर कोबो कलेक्ट टाकायचं, फॉर्म एकदा उतरवून घ्यायचा, हॉस्पिटलात बसून भरायचा, सेव्ह करायचा आणि घरी वायफायवर आलं की पाठवायचा. मराठी आणि इंग्रजी दोन्हीत प्रश्न ठेवता येतात. मंजूर पदं शून्य टाकली की "भरलेली किती" हा प्रश्न येतच नाही, भरलेली मंजूरपेक्षा जास्त टाकली तर पुढे जाऊ देत नाही. अर्थात हे सगळं आधी आपणच सेट करायचं, एक्सेलमध्ये. त्यात माझे दोन रविवार गेले, बायको म्हणाली दुसरी नोकरी धरलीस काय.

आता रजिस्टरबद्दल. ओटीचं ते लांबडं रजिस्टर उघडलं की भुलीच्या रकान्यात एसए (पाठीतली भूल), जीए (पूर्ण भूल), एलए (जागेपुरती भूल), एवढंच. भूल कोणी दिली ते कधी असतं कधी नसतं, वेळ तर बरेचदा नाहीच, इमर्जन्सी असेल तर कोणा सिस्टरने लाल पेनाने गोल केलेला. कोबोत फोटोचा प्रश्न टाकता येतो म्हणून आधी वाटलं पानांचे फोटोच काढू, पण त्यात पेशंटची नावं येतात, म्हणून तो प्रश्न काढून टाकला आणि महिन्याच्या केसेस बोटाने मोजल्या. बोटाने म्हणजे खरंच बोटाने.

आणि इथेच आमची फजिती झाली. ॲपची चूक नाही, फॉर्म आमचा होता. आम्ही विचारलं होतं "तुमच्याकडे भूलतज्ज्ञ किती?" एका ठिकाणी दोन, दुसरीकडे तीन, तिसरीकडे परत दोन. बेरीज केली तर आकडा इतका ऐटीत की मला वाटलं आपण उगाच रडतोय. भूलतज्ज्ञांची जी जागतिक संघटना आहे ती लाखामागे किमान ५ म्हणते, २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्ग साडेआठ लाखांचा, म्हणजे ४२-४३ हवेत. आम्ही तर जवळ पोचलेलो! मग लक्षात आलं की मी स्वतःच पाच हॉस्पिटलांत मोजला गेलोय. पाच वेळा मी!

मग फॉर्म बदलला. प्रत्येक डॉक्टरसाठी वेगळा भाग, त्यात नाव नाही, फक्त रजिस्ट्रेशन नंबरचे शेवटचे चार आकडे, आठवड्याला किती दिवस, किती रात्री ऑन कॉल. हे कोड लावले आणि बेरीज पत्त्याच्या बंगल्यासारखी खाली आली. पण मधेच फॉर्म बदलला की तो परत डिप्लॉय म्हणजे चालू करायचा आणि प्रत्येकाने मोबाईलवर नवा उतरवून घ्यायचा, हे आमच्या एका मित्राला सांगायचं राहिलं, त्याने दोन हॉस्पिटलं जुन्याच फॉर्मवर भरली आणि बिचारा परत गेला. शिवाय असे पुन्हा पुन्हा येणारे भाग एक्सेलमध्ये वेगळ्या शीटवर उतरतात, पॅरेंट इंडेक्स (कुठली ओळ कुठल्या हॉस्पिटलची ते सांगणारा नंबर) बघून ते हॉस्पिटलच्या शीटला जोडायचे. माहीत असेल तर दहा मिनिटांचं काम, माझ्यासारख्याला एक रात्र. तो पाचवा स्टार तिथे गेला.

एक भांडण अजून मिटलं नाही. एमबीबीएस डॉक्टरांना इमर्जन्सी सीझरपुरती भूल द्यायला शिकवायची सरकारी योजना होती, १८ आठवड्यांचं ट्रेनिंग. असा कोणी भेटला तर एमडी, डीए या भुलीच्या डिग्रीवाल्यांच्या रकान्यात घालायचा की वेगळा? मी म्हणतो वेगळा रकाना करा पण मोजा, कारण पहाटे दोन वाजता पाठीत स्पायनल देणारा माणूस कोण आहे हे आईला महत्त्वाचं, आपल्याला डिग्री. ग्रुपवर तीन जणांना राग आला.

सगळ्यात कामाचा प्रश्न शेवटी टाकला, तोही सहज. "काल रात्री दोनला सीझर आली असती तर कोणाला फोन केला असता, आणि त्यांना पोचायला किती वेळ?" मंजूर पदं, भरलेली पदं, केसेस, या सगळ्यापेक्षा ह्या एका उत्तरात जास्त कळलं. चार हॉस्पिटलांनी एकाच माणसाचा नंबर सांगितला. म्हणजे कागदावर चौघांकडेही ऑन कॉल भूलतज्ज्ञ आहे, आणि एकाच वेळी दोन केसेस आल्या तर एकाकडे नाही.

दोडामार्ग साइडच्या एका सिस्टरना हा प्रश्न विचारला तर त्या हसल्या, म्हणाल्या, "रातीक डॉक्टर खय गावतत? गाडी काढतव नि बांबोळी." बांबोळी म्हणजे गोव्याचं सरकारी मेडिकल कॉलेज. मी ड्रॉपडाऊन उघडला. त्यात जिल्ह्यातली सगळी हॉस्पिटलं होती, गोव्यातलं एकही नव्हतं. तिथेच त्यांच्या टेबलावर बसून "इतर" निवडलं आणि हाताने बांबोळी टाइप केलं. आता नव्या फॉर्ममध्ये यादीत पहिल्या नंबरवर तेच आहे.