गिअरची तार: साफ करून चालवावी की बदलावी?

शेजारचा मुलगा वडिलांची जुनी गिअरची सायकल घेऊन आला. साखळी मोठ्या चकतीवर चटकन चढायची, लहानीवर उतरताना मात्र अडखळायची. तार ताणायची की बदलायची, हे त्याला ठरवता येईना. उतरताना अडखळते म्हणजे बहुतेक वेळा तार आउटरमध्ये, म्हणजे तिच्यावरच्या नळीत, घासते आहे. तिथे ॲडजस्टर, म्हणजे तारेचा ताण कमी-जास्त करायचा स्क्रू, पिळून उपयोग नाही.

साफसफाईला खर्च जवळपास नाहीच. तार सोडवून फडक्याने पुसा, आउटरमध्ये पातळ तेलाचे दोन थेंब सोडा. पण पावसात हे फार टिकत नाही. शिवाय तारेचं टोक विस्कटलं, तर पुन्हा ओवताना जीव जातो.

तार-आउटर दोन्ही नवीन घातलं की निगा कमी लागते. गिअरची तार साधारण १.२ मिमी असते, ब्रेकची त्याहून जाड. आउटरही गिअरचंच मागा. कापताना तोंड चेपलं, तर नवी तारही अडते. सुरुवातीला थोडी सैलावतेच, तेव्हा ॲडजस्टर घड्याळाच्या उलट दिशेने अर्धा आटा फिरवा.

फिरणं गल्लीपुरतं आणि तार गंजलेली नसेल, तर साफसफाई पुरे. रोज पावसापाण्यात जायचं असेल किंवा एक जरी धागा तुटलेला दिसला, तर दोन्ही बदला. या सायकलच्या तारेचे गिअरच्या लिव्हरजवळ तीन धागे तुटले होते; आम्ही बदललीच.