बुक ऑफ केल्सची फॅक्सिमिली प्रत : आठ महिने वापरल्यावर

लिहायला मुद्दाम वेळ घेतला. पेटी उघडली त्या दिवशी लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं, कारण पहिल्या दिवशी अशा वस्तूतलं काही खटकतच नाही, आपण चित्रांची पानं तेवढी उलटत राहतो आणि भारावून जातो. आता आठ महिने झालेत, जवळजवळ रोज अर्धा-पाऊण तास ही प्रत माझ्यासमोर उघडी असते, मी सुलेखन करते त्यामुळे अक्षरं बघायला म्हणूनच घेतली होती, आणि आता बरं-वाईट दोन्ही नीट सांगता येईल असं वाटतंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बुक ऑफ केल्स म्हणजे इ.स. ८०० च्या आसपासचं, बायबलमधल्या चार शुभवर्तमानांचं, म्हणजे मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावाने असलेल्या येशूच्या चरित्रांचं, लॅटिन हस्तलिखित. वासराच्या कातड्यावर, म्हणजे वेलमवर लिहिलेलं. स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळच्या आयोना बेटावर लिहिलं की आयर्लंडमधल्या केल्सच्या मठात, यावर अजून एकमत नाही. सध्या ते डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमध्ये आहे, ३४० पानं उरलीत म्हणजे दोन्ही बाजू धरून ६८० पृष्ठं, आणि पान साधारण ३३ बाय २५ सेंटिमीटरचं. याच्या दोन फॅक्सिमिली, म्हणजे मूळ पुस्तकाच्या हुबेहूब छापील नकला, लक्षात ठेवा. १९५०-५१ ची जुनी आहे ती बहुतेक कृष्णधवल, रंगीत पानं थोडीच. १९९० ची संपूर्ण रंगीत, १४८० प्रतींची. सेकंडहँड घेताना समोरचा कुठल्या आवृत्तीबद्दल बोलतोय हे आधी विचारा. माझी १९९० ची आहे, पहिल्या मालकाकडून फिरत फिरत एका विक्रेत्यामार्फत आली.

खरेदीत मी एक चूक केली. विक्रेत्याने फोटो पाठवले ते सगळे एकाच पानाचे, चौतिसाव्या पानाची पुढची बाजू, ते जगभर छापलं जाणारं ख्रिस्ताच्या नावाच्या अक्षरांचं पान. तेव्हाच हट्ट धरायला हवा होता की मला नुसत्या मजकुराच्या चार-सहा पानांचे फोटो पाठवा, कण्याच्या आतल्या बाजूचे पाठवा, कडेने तिरका प्रकाश टाकून पाठवा. नाही धरला. 'कधी उघडलेलीच नाही, एकदम नवी' हे ऐकून खूश झाले, पण एवढं जाड लेदर बाइंडिंग वर्षानुवर्षं बंद राहिलं की ते आखडतं. पेटी उघडल्यावर दमट कपाटाचा वास आला, पुढच्या पुठ्ठ्याच्या सांध्यावर लेदरला बोटभर चीर होती, जी फोटोत कुठेच नव्हती. विक्रेत्याला कळवलं तर उत्तर आलं की 'वयोमानाने असं होतं'. मला त्याचा राग आहे आणि तो गेलेला नाही, कारण पैसे मी कित्येक महिने बाजूला टाकून साठवले होते. वास दोन महिन्यांत गेला, कोरड्या खोलीत सावलीत रोज थोडी थोडी पानं फिरवत ठेवली. चीर तशीच आहे, वाढलेली नाही.

आता मुख्य मुद्दा. महागडी फॅक्सिमिली बघताना पहिला सल्ला मिळतो तो 'सोनं बघा', म्हणजे सोन्याचा वर्ख खरा वाटतो का, उंच उठून दिसतो का. या पुस्तकाला तो सल्ला लागूच होत नाही, कारण केल्समध्ये सोन्याचा वर्ख नाहीच. जे सोनेरी वाटतं ते हरताळ आहे. हो, तोच हरताळ, जो आपल्याकडे पोथीतली चूक झाकायला लावायचे आणि ज्याच्यावरून 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार आला. आपल्याकडे ज्याने अक्षर पुसलं त्याच खनिजाने तिकडे देवदूतांची वस्त्रं आणि मोठी अक्षरं उजळली, हे समजल्यावर मी किती तरी वेळ त्या पिवळ्याकडेच बघत होते. बाकीचे रंगही नावाने ओळखीचे निघतात. तांबडा-नारिंगी म्हणजे शेंदूर, हिरवा म्हणजे तांब्याचा जंगाल, आणि निळा, ज्याला जुन्या लिखाणात लाजवर्द, म्हणजे महागड्या निळ्या दगडाची पूड, म्हटलेलं सापडतं, तो नंतरच्या तपासण्यांत साधी नीळ निघाला. शाई बरीचशी मायफळ आणि हिराकस यांची, म्हणून काळाच्या ओघात तपकिरी झालेली.

मग बघायचं काय? कातडं बघायचं. माझं स्पष्ट मत झालंय की केल्सच्या फॅक्सिमिलीची परीक्षा चित्राच्या पानावर होतच नाही, ती मजकुराच्या साध्या पानावर होते. चित्राच्या पानावर इतकं काही चाललेलं असतं की छपाईतला दोष लपून जातो. साध्या पानावर सोळा-सतरा ओळी, बाजूला मोकळी जागा, आणि त्या मोकळ्या जागेत कातड्याचा रंग कसा बदलतो, मागच्या पृष्ठावरची शाई कुठे पुसटशी आरपार दिसते, जंगालाने पलीकडे हिरवट डाग कसा पाडलाय, कुठे कातडं ताणताना पडलेलं छिद्र आहे, हे सगळं उघडं पडतं. माझ्या प्रतीत हे काम बहुतांशी अप्रतिम आहे. छिद्रं खरोखर कापलेली आहेत, नुसती छापलेली नाहीत, आणि अक्षर लिहिणाऱ्याने छिद्राला वळसा घालून पुढचं अक्षर कसं सुरू केलंय ते दोन्ही बाजूंनी बघता येतं. एका पानावर त्या छिद्रातून पुढच्या पानावरचा शेंदरी ठिपका दिसतो. ही गोष्ट स्क्रीनवर कधीच कळली नसती.

पण एका पानावर कापलेलं छिद्र आणि छापलेली त्याची कड जुळलेली नाही, केसभरच सरकलंय, त्यामुळे छिद्राच्या एका बाजूला तपकिरी चंद्रकोरीसारखी रेघ उरलीय. एकदा दिसली की दर वेळी तिच्याकडेच लक्ष जातं. सगळी पानं मी तपासली, असं एकच सापडलं. ६८० पृष्ठांत एक, म्हणजे तक्रार करण्यासारखं नाही, पण तुम्ही घेणार असाल तर छिद्र असलेली पानं खिडकीसमोर धरून बघाच, अर्धा तास जाईल पण प्रत किती काळजीने केली ते लगेच समजेल.

खरी मर्यादा दुसरीच आहे आणि ती कुठल्याही छापील फॅक्सिमिलीची आहे. दिवा पानाच्या कडेला ठेवून तिरका प्रकाश टाका. मूळ हस्तलिखितात रंग थरावर थर दिलेला आहे, त्याला जाडी आहे, शाईसुद्धा फटकाऱ्याच्या शेवटी साचते. फॅक्सिमिलीत सगळं सपाट. रंग बरोबर, जागा बरोबर, पण उंची नाही. भिंग लावलं की छपाईची जाळी दिसते आणि तिथे माझ्यासारखीचं काम अडतं, कारण लेखणी आधी उभी आली की आडवी, कुठला फटकारा कुठल्याच्या वरून गेला हे मला अक्षर गिरवताना हवं असतं आणि ते जाळीत विरघळून जातं. पहिल्या महिन्यात याचं मला फार वाईट वाटलं होतं. नंतर पद्धत बदलली. अक्षराचा आकार, दोन ओळींमधलं अंतर, शब्द ओळीच्या शेवटी कसा दाटीवाटीने बसवलाय, हे फॅक्सिमिलीवरून घेते, कारण माप खरं आहे, फूटपट्टी लावून मोजता येतं. फटकाऱ्याचा क्रम बघायचा असेल तर ट्रिनिटीने पूर्ण हस्तलिखिताचे स्कॅन फुकट ऑनलाइन ठेवलेत, तिथे झूम करून बघते. मग कोणी म्हणेल की स्कॅन फुकट आहेत तर एवढे पैसे कशाला. मीही स्वतःला हे विचारलं. स्कॅनमध्ये पान किती मोठं आहे ते अंगाला कळत नाही. चौतिसाव्या पानावर खाली दोन मांजरं बसलेली आहेत, त्यांच्या पाठीवर उंदीर, आणि समोर दोन उंदीर गोल पवित्र भाकरी कुरतडतायत, बाजूला मासा धरलेलं पाणमांजर. स्क्रीनवर मी ते नेहमी मोठं करूनच बघितलं होतं. प्रत्यक्ष मापात ते किती इवलंसं आहे हे पाहिल्यावर, हे काढणारा माणूस कुठल्या उजेडात बसला असेल असा प्रश्न पडला तो अजून मनात आहे.

ज्या पानांनी मला धरून ठेवलं ती मात्र चुकांची पानं. मत्तयाच्या दहाव्या अध्यायात येशू म्हणतो की मी शांती नाही, तलवार घेऊन आलोय. तलवारीला लॅटिनमध्ये ग्लादिउम, आणि लिहिणाऱ्याने लिहिलंय गाउदिउम, म्हणजे आनंद. शांती नाही, आनंद. मला लॅटिन येत नाही, कोशात शब्द बघत बघत ओळ शोधली, बोट ठेवून वाचली आणि ती सापडली तेव्हा बाराशे वर्षांपूर्वीच्या माणसाचा हात चुकताना प्रत्यक्ष बघितल्यासारखं झालं. दुसरी जागा लूकच्या भागात, २१८ व्या पानाच्या मागच्या बाजूला जो मजकूर आहे तोच पुढे २१९ च्या पुढच्या बाजूला परत लिहिला गेलाय, पूर्ण पृष्ठभर. चूक कळल्यावर खरवडलं नाही, काही फासलं नाही, आधीच्या, २१८ च्या पृष्ठावर लाल फुल्या काढल्या, त्याही नक्षीसारख्या नीट. ही दोन पृष्ठं समोरासमोर येतात, पुस्तक उघडलं की डावीकडे आणि उजवीकडे तोच मजकूर. मी ओळीला ओळ लावून दोन्हींची तुलना केली, ओळी कुठे तुटतात, कुठलं अक्षर लांबवलंय, आणि सुलेखनाचा इतका चांगला धडा मला दुसरीकडे मिळालेला नाही.

वापराबद्दल थोडं. पहिल्या आठवड्यात मी ते टेबलावर सपाट उघडत होते आणि कण्यातून करकर आवाज यायचा, तसं अजिबात करू नका. आता दोन्ही पुठ्ठ्यांखाली फोमचे उतरते ठोकळे ठेवते, पुस्तक व्ही आकारात अर्धवट उघडतं आणि शिवणीवर ताण येत नाही. मूळ पुस्तक १९५३ मध्ये चार भागांत बांधलं गेलं, ही प्रत एकाच जाड ग्रंथात आहे, त्यामुळे वजनाचा भार आहेच आणि शेवटची पानं बघताना डावीकडचा ढीग सांभाळायला लागतो. हातमोजे नकोत, त्याने पानाची कड कळत नाही आणि फाटायची भीती जास्त, हात धुवून पूर्ण कोरडे करा. पान वरच्या कोपऱ्यातून उलटा. कडेजवळ छिद्र असलेल्या पानांना जपा, माझी नखाची कड एकदा अडकली होती, थोडक्यात वाचलं. पेटी दिसायला देखणी आहे पण रोज आत-बाहेर करणं जिवावर येतं, मी पुस्तक कापडात गुंडाळून आडवंच ठेवते. सोबतचा अभ्यासग्रंथ कामाचा आहे, रंगांची माहिती तेवढी नंतरच्या संशोधनाशी ताडून घ्या.

घ्यावं का? नुसतं शोभेला ठेवायचं असेल, पाहुण्यांना तेच एक पान दाखवायचं असेल, तर एवढा खर्च करू नका, चांगलं छापलेलं चित्रांचं पुस्तक पुरेल. अक्षरं शिकत असाल, हस्तलिखितं कशी बनतात याचं वेड असेल, आणि रोज उघडणार असाल, तर घ्या, पण उघडलेली, वापरलेली, पानं सुटी फिरणारी प्रत शोधा, बंद पेटीतली नको. मला परत घ्यायची वेळ आली तर मी हीच आवृत्ती घेईन, विक्रेता दुसरा.

सध्या मी योहानाच्या भागात पोचलेय. २९१ व्या पानाच्या मागच्या बाजूला योहानाचं चित्र आहे, आणि चौकटीच्या मागे आणखी एक आकृती उभी आहे, तिचे हात दोन बाजूंना, पाय खाली चौकटीबाहेर आलेले. डोकं वर असायला हवं होतं, पण एकोणिसाव्या शतकात बांधणाऱ्याने पानांच्या कडा कापल्या त्यात ते जवळजवळ गेलं. फॅक्सिमिलीतही ती कड तशीच कापलेली ठेवलीय, पाव सेंटिमीटरसुद्धा जास्तीची मोकळी जागा दिलेली नाही. काल संध्याकाळी मी त्या कडेवरून बोट फिरवत बराच वेळ बसले होते.