शंभर मण्यांची माळ: आठ महिन्यांनंतर

गेल्या गणपतीच्या सुट्टीत लेकीसाठी १०० मण्यांची गणितमाळ घेतली. दहा लाल, दहा पांढरे, पुन्हा दहा लाल अशी ओवलेली प्लास्टिकची माळ. पावणेदोनशे रुपये पडले. आठ महिने रोज नाही, पण आठवड्यातून तीन-चार दिवस तरी वापरली आहे.

घेण्याचं कारण लिंबं. लेक तेव्हा पाच वर्षांची, बालवाडीच्या मोठ्या गटात. शंभरपर्यंत आकडे घडाघडा म्हणायची, पाहुण्यांसमोर तर फारच. एकदा आज्जीने सांगितलं, "टोपलीतून सात लिंबं आण गं." ही मूठभर लिंबं घेऊन आली. मी म्हटलं, मोजून दाखव. एक, दोन, तीन, चार, पाच. मग किती आहेत? तर पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली. मोजताना शेवटी जो आकडा येतो तोच सगळ्यांचा मिळून आकडा, हे तिच्या गावीच नव्हतं. नंतर वाचनात आलं की गेलमन आणि गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली मोजण्याची जी तत्त्वं मांडली, त्यात हे एक स्वतंत्र तत्त्व आहे. आमच्या आईचं म्हणणं मात्र एकच होतं, "पाठ झालंय ना, कळेल हळूहळू."

पहिला महिना माळेने काहीच साधलं नाही, हे आधी सांगतो. दहाच्या आतला खेळ लिंबं, चिंचोके आणि ताटं मांडण्यानेच झाला. "पाच ताटं घे, आज आत्या आलीय, मग किती?" हे रोज. त्यासाठी माळ विकत घ्यायची गरज नाही. फाशावरचे ठिपके न मोजता ओळखणं सापशिडीने शिकवलं. माळ त्यातही कामाची नाही.

माळेची खरी गंमत वीसच्या पुढे. खिडकीच्या गजापासून कपाटाच्या कडीपर्यंत ती बांधली आणि खुणेला कपडे वाळत घालायचा चिमटा घेतला. "तेवीसवर चिमटा लाव" म्हटलं की सुरुवातीला ती एकेक मणी मोजत जायची. दिवाळीनंतर कधीतरी तिने लाल गट एका हाताने ओलांडला, पांढरा ओलांडला, आणि पुढचे तीनच मोजले. मी काहीही शिकवलं नव्हतं, रंगांनी शिकवलं.

आणि मराठीतले ते एकोण! २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं संख्यावाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. मीही तेव्हा हसणाऱ्यांतला. स्वतःच्या पोरीला एकोणतीस आणि एकोणचाळीस यांत गोंधळताना पाहिलं तेव्हा ते पुस्तक करणाऱ्या, गणितज्ञ मंगला नारळीकरांच्या समितीला नेमकी काय अडचण दिसत होती ते कळलं. एकोणतीसमध्ये ऐकू येतो तीस आणि लिहायचे २९. माळेवर मात्र हा शब्द सरळ दिसतो. तिसाव्या मण्यावर बोट ठेवायचं आणि एक पाऊल मागे यायचं, झालं एकोणतीस. तिला हे इतकं आवडलं की ती नव्याण्णवला एकोणशंभर म्हणायला लागली. त्यात तिचं काय चुकलं, हे मला आजही सांगता येत नाही.

आता तक्रार. फेब्रुवारीत आम्ही साठच्या पुढे गेलो. "एकोणसत्तर दाखव." तिने सातव्या गटाचं टोक धरलं, एक मणी मागे आली, चिमटा लावला. मी म्हटलं, साठपासून मोजून बघ. ती अडुसष्टवर थांबली. "नीट मोज." पुन्हा अडुसष्ट. तिसऱ्यांदा माझा आवाज चढला आणि तिचे डोळे भरले. मग मी स्वतः मोजलं. सातव्या लाल गटात नऊच मणी होते, आठव्या पांढऱ्यात अकरा. एकूण शंभर बरोबर, त्यामुळे डब्यावरचं लिहिणं खरं! विकणाऱ्याला फोटो पाठवून दोनदा कळवलं, उत्तर नाही. लेकीची माफी मागितली, ती तिने चॉकलेटवर स्वीकारली.

दुसरी खोट दोरीची. मणी इतके घट्ट ओवलेले की सरकायला जागाच नाही. मोजलेले मणी बाजूला सरकवता आले नाहीत तर निम्मी मजा गेली. शेवटी माळ उसवून पायजम्याच्या नाडीत, पिन लावून, पुन्हा ओवली आणि वीतभर नाडी मोकळी सोडली. घेतल्या घेतल्या करायला हवं होतं. तेव्हाच गटही मोजून झाले असते.

दशक-एकक यासाठी मात्र माळेवर विसंबू नका. सत्तेचाळीस म्हणजे चार दशक आणि सात सुटे, हे तिला आइस्क्रीमच्या काड्यांचे रबर लावलेले गठ्ठे सोडताना-बांधताना उमजलं. माळेवर शून्यही कुठे नसतं. आणि घरात तान्हं किंवा रांगतं मूल असेल तर माळ उंचावरच बांधा, सुटा मणी थेट तोंडात जातो.

जूनमध्ये लेक पहिलीत जाईल. परवा आज्जीने बारा लिंबं मागितली, तर दहा परडीत आणि दोन हातात घेऊन आली.

अकरा मण्यांच्या गटातला पहिला पांढरा मणी तिच्या आईच्या लाल नेलपॉलिशने रंगवून हिशेब दुरुस्त केलाय. आता सत्तर विचारलं की पोरगी गट-बिट काही मोजत नाही, सरळ तो चमकणारा मणी धरते.